आधी मर्जी, मग तजवीज

दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर टक्केवारीचा आकडा असतो, आणि तो ४० वा त्याहून अधिक भरला म्हणजे सरकारदप्तरी बहुतेक सवलतींची वाट मोकळी होते. परंतु त्या माणसास कोणता उद्योग करावासा वाटतो, कोणाच्या हातून अंघोळ घालून घेणे त्याला रुचते, आईबापांच्या पश्चात कोणापाशी राहण्याची त्याची इच्छा आहे, हे लिहून घेण्यास त्या कागदावर रकानाच नसतो. व्यक्तिकेंद्री नियोजनाचा आरंभ नेमका येथून होतो. १९८० च्या दशकात अमेरिका व कॅनडा येथे जॉन ओब्रायन, बेथ माउंट, मार्शा फॉरेस्ट प्रभृतींनी या विचाराला पद्धतशीर रूप दिले: आप्त, शेजारी, स्नेही व मदतनीस यांनी त्या व्यक्तीसह एकत्र बसावे, तिला कसे जगायचे आहे ते जाणून घ्यावे, आणि मगच कोणी कोणता भार उचलायचा ते ठरवावे.

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याला ही वृत्ती परकी नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडच्या दुष्काळी मुलखात आले, तेव्हा गावकऱ्यांची पहिली निकड औषधाची नसून अन्नपाण्याची आहे, असे त्यांना आढळले. आणि वैद्यकाची पदवी गाठीशी असताही त्या उभयतांनी लोकांचाच अनुक्रम शिरोधार्य मानला. कुष्ठरुग्णांना निराळ्या वसाहतीत न धाडता गावातच, इतर रुग्णांच्या बरोबरीने, उपचार मिळावेत हा त्यांचा आग्रह तर मला अधिकच मोलाचा वाटतो, कारण घरदार व गाव सोडण्याची अट घालून दिलेला उपचार माणसाचे निम्मे आयुष्य आधीच हिरावून घेतो. त्यांनी तेथे उभारलेल्या आरोग्य प्रकल्पाच्या कार्यशाळेत जयपूर पाय हा कृत्रिम पायही तयार होऊ लागला. डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेल्या या पायाचे मर्म हेच, की तो लावून अनवाणी शेतात चालता येते आणि उकिडवेही बसता येते.

कायदाही आता याच दिशेने वळला आहे. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १४ अन्वये पालकत्व हे मर्यादित असून, ते ठरावीक निर्णयापुरते व ठरावीक मुदतीपुरते असावे, आणि पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून तिच्या मर्जीनुसार वागावे, अशी तरतूद आहे. तिच्या वतीने सरसकट मुखत्यारी चालविण्याचा रिवाज त्यात बसत नाही.

ज्याला बोलता येत नाही त्याची मर्जी कशी ओळखावी, ही शंका रास्त आहे. कोणाच्या सहवासात तो खुलतो, कोणते ताट दूर सारतो, कोणत्या वेळी अस्वस्थ होतो, हे नित्य सान्निध्यातील माणसांनी चिकाटीने टिपून ठेवले, तर त्या नोंदी त्याच्या साक्षीइतक्याच ग्राह्य मानाव्यात; आणि मर्जी पालटली की तजवीजही निःसंकोच पालटावी.