साक्षीचा शब्द आणि वनभूमी : अनमलैच्या काडर समाजाच्या संदर्भात

चेन्नईच्या एगमोर भागात दोन जुन्या संस्था एकमेकींपासून फारशा दूर नाहीत. एक शासकीय संग्रहालय, दुसरी तामिळनाडू अभिलेखागार. तेथून समुद्राच्या दिशेने गेले की चेपॉकला मद्रास विद्यापीठ लागते. अनमलै पर्वतातील वर्षावनांत राहणाऱ्या काडर या आदिवासी समाजाची लेखी ओळख मुख्यतः या तीन ठिकाणांच्या आश्रयाने घडली. संग्रहालयाच्या अधीक्षकाने त्यांचे वर्णन केले, अभिलेखागारात जपलेल्या महसुली कागदपत्रांच्या काळात त्यांच्या वनाचा कायदा घडला आणि विद्यापीठाने त्यांच्यावरील स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या वनाविषयी हे लेखन झाले ते वन येथून पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. लेखन आणि भूमी यांच्यातील या अंतराचा भूमिहक्कावर काय परिणाम झाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो विधिशास्त्राइतकाच साहित्याच्या अभ्यासकाचाही विषय आहे; कारण कोणता शब्द पुरावा ठरतो आणि कोणता ठरत नाही, हा मुळात संहितेच्या अधिकाराचा प्रश्न आहे.

१. नाव आणि प्रदेश

‘काडु’ म्हणजे वन. ‘काडर’ म्हणजे वनातील माणसे. जातिवाचक म्हणून नोंदले गेलेले हे नाव वस्तुतः एक पत्ताच आहे. आपल्याकडील ‘कातकरी’ या नावाशी त्याची तुलना उद्बोधक ठरेल. कातकऱ्यांचे नाव खैरापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून आले. वन राखीव झाल्यावर तो व्यवसाय आटला आणि नाव तेवढे उरले. काडरांच्या बाबतीत नावाने सांगितलेला पत्ताच परक्याच्या ताब्यात गेला.

काडरांची बोली द्राविडी असून ती तमिळ व मल्याळम या दोन्ही भाषांना जवळची आहे. मध, मेण, वेलदोडा, राळ, वेत, कंदमुळे हा त्यांच्या पारंपरिक उपजीविकेचा आधार. त्यांची संख्या आजही काही हजारांपलीकडे नाही. त्यांचा प्रदेश एकसंध असला तरी राज्यसत्तेच्या दृष्टीने तो दुभंगलेला होता. एक भाग ब्रिटिशांच्या मद्रास इलाख्यात, दुसरा कोचीन संस्थानात. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेनंतर हीच रेषा तामिळनाडू व केरळ यांची सीमा झाली. तिचा परिणाम केवळ नकाशापुरता नाही. केरळमध्ये काडरांचा समावेश विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होतो. तामिळनाडूच्या सहा गटांच्या यादीत मात्र ते नाहीत. डोंगराच्या दोन उतारांवर नांदणाऱ्या एकाच समाजाची राज्यसंस्थेने अशा रीतीने दोन भिन्न वर्णने केली आहेत.

२. गाव नसलेल्यांचा हक्क

अनमलैच्या सागवानाकडे कंपनी सरकारचे लक्ष गेले ते १८४० च्या दशकाच्या अखेरीस, आणि तेही मुंबईच्या गोदीला जहाजबांधणीसाठी लाकूड हवे होते म्हणून. डोंगरमाथ्यावरून ओंडके खाली घसरवण्याची जागा ‘टॉप स्लिप’ या नावाने आजही ओळखली जाते. पुढे १८९० च्या दशकापासून वाल्पारैच्या पठारावरील वर्षावन तोडून कॉफी व चहाचे मळे उभे राहिले. कोचीनच्या बाजूला १९०७ मध्ये लाकूडवाहतुकीसाठी वन-ट्रामवे सुरू झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परंबिकुलम–आळियार प्रकल्पाची धरणे आली आणि काडरांच्या काही वस्त्यांना पुन्हा हलावे लागले.

या प्रक्रियेला कायद्याचे अधिष्ठान कसे मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. १८७८ चा भारतीय वन अधिनियम मद्रास इलाख्याला लागू नव्हता. याचे एक कारण म्हणजे मद्रासच्या महसूल मंडळाची भूमिका. इलाख्यातील जवळजवळ प्रत्येक वन कोणत्या ना कोणत्या गावाच्या हद्दीत येते, आणि साग, चंदन, वेलदोडा यांसारख्या जिनसांवरील राजभाग सोडल्यास अलीकडच्या काळापर्यंत राज्याने वनावर मालकी सांगितलेली नाही, असे या मंडळाने १८७१ मध्ये आग्रहाने मांडले होते. वसाहतकालीन शासनाच्या अंतर्गत चर्चेतील हा महत्त्वाचा विरोधी स्वर होय. इतिहासकारांनी त्याची योग्य ती दखल घेतली आहे.

तथापि या युक्तिवादाचा आधार ‘गाव’ हा होता, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. महसुली अर्थाने गाव म्हणजे सीमा, शेतसारा आणि दप्तर. काडरांपाशी यांपैकी काहीच नव्हते. वनावर राज्याची निरपेक्ष मालकी सांगणारा पक्ष त्यांना हक्कदार मानत नव्हता, आणि ती नाकारणाऱ्या पक्षाच्या शब्दकोशातही त्यांच्यासाठी संज्ञा नव्हती. उदार युक्तिवादालाही जो दिसत नाही त्याचे नुकसान सर्वांत निश्चित असते.

पुढे १८८२ चा मद्रास वन अधिनियम आला. वन राखीव करण्याचा इरादा जाहीर करायचा, वन जमाबंदी अधिकाऱ्याने उद्घोषणा काढायची, ठरावीक मुदतीत आलेले दावे ऐकायचे आणि मग आरक्षण अंतिम करायचे, अशी त्याची रचना होती. मुदतीत न सांगितलेला हक्क लोप पावला, असे मानले जाई. प्रक्रिया वरकरणी निःपक्षपाती दिसते. परंतु तिच्यात मौनाचा अर्थ ‘हक्क नाही’ असा लावलेला आहे. उद्घोषणा वाचणे, तिचा अर्थ समजणे आणि अधिकाऱ्यापुढे जाऊन आपल्या वावराला ‘हक्क’ या नावाने मांडणे, हे तिन्ही व्यवहार ज्या समाजाच्या अनुभवाबाहेरचे, त्याचे मौन हीच त्याची कबुली ठरली.

३. वर्णनाचे व्याकरण

एडगर थर्स्टन १८८५ पासून १९०८ पर्यंत मद्रासच्या शासकीय संग्रहालयाचा अधीक्षक होता. के. रंगाचारी यांच्या साहाय्याने त्याने सिद्ध केलेला दक्षिण भारतातील जाती-जमातींचा सात खंडांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काडरांच्या नोंदीत उंच झाडांवर खुंट्या ठोकून चढण्याचे त्यांचे कौशल्य, दात टोकदार करण्याची प्रथा, स्त्रियांच्या केसांतील बांबूचे नक्षीदार कंगवे यांची वर्णने आहेत. यांपैकी काही गोष्टींची मलाया द्वीपकल्पातील वनवासी जमातींशी तुलनाही केलेली आढळते. त्याच वर्षी मद्रासमधूनच छापला गेलेला एल. के. अनंतकृष्ण अय्यर यांचा कोचीनच्या जाती-जमातींवरील पहिला खंड त्याच समाजाकडे संस्थानी बाजूने पाहतो.

या लेखनाची माहितीच्या दृष्टीने उपयुक्तता वादातीत आहे. प्रश्न तिच्या व्याकरणाचा आहे. थर्स्टनच्या पद्धतीत मस्तकमापनाला मोठे स्थान होते. तेथे ‘काडर’ हा मोजता येणारा एक नमुना असतो आणि वाक्य सार्वकालिक वर्तमानकाळात चालते : काडर असा राहतो, असे खातो, असा चढतो. अशा वाक्यात व्यक्तीचे नाव, विशिष्ट दरी, विशिष्ट झाड, अमुक पिढीतील अमुक घटना यांना जागा नसते. वन ही या चित्राची पार्श्वभूमी होते. त्या माणसाची भूमी होत नाही. ‘भटका’ हे विशेषण तर सर्वांत घातक. ऋतुमानाप्रमाणे ठरलेल्या स्थळांमध्ये होणारी ये-जा हीच ज्यांची वहिवाट, त्यांना भटके म्हणणे म्हणजे वहिवाटच नाकारणे होय.

मद्रास विद्यापीठाने १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेला उमर रोल्फ एहरेनफेल्स यांचा कोचीनच्या काडरांवरील ग्रंथ या दृष्टीने निराळ्या वळणावर उभा आहे. मूळचे ऑस्ट्रियन असलेले एहरेनफेल्स त्या वेळी विद्यापीठात मानवशास्त्र विभागाचे प्रमुख होते. ट्रामवे आणि वनमजुरी हा काडरांच्या जीवनाचा भाग झालेला असताना लिहिलेला हा ग्रंथ एकाच समाजाला संपूर्ण ग्रंथाचा विषय मानतो. कोशातील नोंदीपासून स्वतंत्र ग्रंथापर्यंतचा हा प्रवास केवळ पृष्ठसंख्येचा नव्हे. नंतरच्या काळात अशा ग्रंथाला एक अनपेक्षित मूल्य प्राप्त झाले.

४. पुराव्याची नवी यादी

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याच्या नियमांमध्ये तेरावा नियम पुराव्यांचा आहे. तुलनाकाराने तो एक संहिता म्हणून वाचावा, असा आहे. त्यात गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल यांसारखे सरकारी दस्तऐवज आहेत, त्यांच्याच पंक्तीला विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे आहेत, वंशावळ आहे, नामांकित संस्थांनी केलेले रूढी-परंपरांचे अभ्यास आहेत, आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या व्यक्तींचे, लेखी उतरवून घेतलेले निवेदनही आहे. सामूहिक हक्कांसाठी कंदमुळे गोळा करण्याच्या जागा, मासेमारीची ठिकाणे, पाणवठे, औषधी वनस्पतींचे प्रदेश, देवराया हेही ग्राह्य आहेत. एकापेक्षा अधिक प्रकारचा पुरावा विचारात घ्यावा, असेही नियम सांगतो.

१८८२ च्या कायद्यात जे मौन हक्काचा लोप मानले गेले, त्याला सव्वाशे वर्षांनी बोलण्याची संधी मिळाली, असे याचे वर्णन करता येईल. जगात इतरत्रही या काळात असेच वळण दिसते. कॅनडातील गित्कसन व वेट्सुवेटेन समाजांच्या खटल्यात मौखिक इतिहासाला १९९१ च्या निकालात स्वतंत्र पुरावा म्हणून स्थान मिळाले नव्हते; १९९७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मौखिक इतिहासाला लेखी दस्तऐवजांच्या बरोबरीने तोलले पाहिजे, असे ठरवून नव्याने सुनावणीचा आदेश दिला. निकारग्वाच्या वर्षावनातील आवास तिंग्नी समाजाच्या बाजूने आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २००१ मध्ये निर्णय दिला. मालकीपत्र हाती पडण्यास मात्र २००८ उजाडले.

निर्णय आणि अंमलबजावणी यांच्यातील हे अंतर तामिळनाडूतही दिसले. अधिनियमाच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने २००८ मध्ये अंतरिम आदेश दिला. दाव्यांची छाननी चालू ठेवावी, परंतु हक्कपत्र देण्यापूर्वी न्यायालयाची अनुमती घ्यावी, असा त्याचा आशय होता. २०१६ पर्यंत हा अडसर कायम राहिला. दरम्यान, सीमेपलीकडे केरळमधील वाळच्चाल येथे २०१४ मध्ये नऊ काडर वस्त्यांना सुमारे ४०० चौरस किलोमीटर वनावर सामूहिक वनहक्क मिळाले. अतिरप्पिळ्ळी येथील नियोजित जलविद्युत प्रकल्पाविरुद्धच्या त्यांच्या लढ्यात या हक्कांचा मोठा आधार होता. महाराष्ट्रात गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्येच असे हक्क मिळवले होते. मात्र तेथे ‘गाव’ ही संस्था आधीपासून बळकट होती, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

तामिळनाडूच्या बाजूस, २०१९ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीने दरड कोसळून कल्लार ही काडर वस्ती उद्ध्वस्त झाली. रहिवाशांना चहामळ्यातील कामगारांच्या घरांत आसरा देण्यात आला. त्यांची मागणी मात्र वनातील तेप्पकुळमेडु या जागेची होती आणि दीर्घ आग्रहानंतरच ती मान्य झाली. छप्पर आणि भूमी या एकच गोष्टी नव्हेत, हे या प्रसंगाने जितके स्पष्ट केले तितके क्वचितच कोणा सिद्धांताने केले असेल.

५. तिणैचा दाखला आणि त्याची मर्यादा

तेराव्या नियमातील यादी वाचताना तमिळ काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला ‘तिणै’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. तोल्काप्पियममध्ये भूप्रदेशाची ओळख मोजमापाने होत नाही. दैवत, अन्न, वृक्ष, पक्षी, पशू, वाद्य, व्यवसाय अशा ‘करुप्पोरुळ’ संज्ञेत येणाऱ्या घटकांनी होते. डोंगराळ ‘कुरिंजी’ म्हणजे मुरुगन, मध, भरड धान्य आणि तेथील माणसे यांचे एकत्र असणे. भूमी ही संबंधांची गुंफण आहे, ही जाणीव काव्यशास्त्राने फार पूर्वी नोंदवली. कायद्याने ती अलीकडे मान्य केली.

परंतु हे साम्य ताणू नये. संघकाव्यातील डोंगरवासी हा बहुतांशी कवीच्या दृष्टीतून आलेला आहे. प्राकृतातील ‘गाथासप्तशती’मध्ये डोकावणारे विंध्यातील पुलिंद व शबर यांचीही तीच स्थिती. वनवासी माणूस काव्याचा विषय आहे, वक्ता नाही. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकाने मराठीत वारल्यांच्या वेठबिगारीची साक्ष नोंदवली, पण ती साक्षही सहभागी कार्यकर्तीच्या शब्दांतली आहे. वर्णन, सहानुभूती आणि साक्ष या तीन वेगळ्या कोटी आहेत. भूमिहक्काच्या संदर्भात त्यांतील भेद केवळ शैलीचा राहत नाही.

येथेच अभ्यासकाची जबाबदारी सुरू होते. नियमाने संशोधनग्रंथाला पुराव्याचे स्थान दिल्यामुळे आपले लेखन निरुपद्रवी राहिलेले नाही. एखाद्या कथेतील डोहाचे नाव वगळून केवळ तिचे कथाबीज नोंदवणे, गाण्यातील डोंगराला ‘एक डोंगर’ म्हणणे, सांगणाऱ्या वृद्धेऐवजी ‘काडर मानतात’ असे लिहिणे, या सवयी साहित्याच्या वर्गीकरणाला सोयीच्या असतील; पण त्या प्रत्येकीत एकेक पुरावा पुसला जातो. मौखिक वाङ्मयाच्या संकलनात स्थळनाम, निवेदक आणि प्रसंग यांची नोंद, अर्थात निवेदकाच्या संमतीने, ही संपादनाची प्राथमिक अट मानली पाहिजे. वडीलधाऱ्यांचे निवेदन ‘लेखी उतरवून’ घ्यायचे आहे, असे नियम म्हणतो. ते कोण उतरवतो, कोणत्या भाषेत उतरवतो आणि उतरवताना काय गळते, हे प्रश्न नियम विचारत नाही. ते विचारणे हे तुलनात्मक साहित्याचे काम आहे.