मागच्या दिव्यांचा कारभार

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग समुद्रपूर तालुक्यात जाम येथे पोचला की त्यातून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. आणि पूर्वी ७ क्रमांकाने ओळखला जाणारा व २०१० च्या फेररचनेनंतर ४४ क्रमांक धारण करणारा हा मार्ग जेथे दुभंगतो, तेथे पुढची गाडी सरळ जाणार की वळणार, थांबणार की नुसताच वेग आवरणार, हे मागच्या चालकास वेळीच कळणे हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. हा खुलासा करण्याची जबाबदारी ज्या चार-दोन दिव्यांवर सोपविलेली असते, त्यांचा जुन्या ट्रकमधील कारभार कसा चालतो व कोठे बिघडतो, हे पाहण्यासारखे आहे.

टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी सहकार्य करून बांधावयास घेतलेले लांब नाकाचे ट्रक, तो करार १९६९ मध्ये संपल्यावर केवळ टाटा या नावाने निघालेल्या त्यांच्या भावंडांसह, आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर काढलेले डॉज व फार्गो, यांनी एका पिढीचा माल वाहिला. यांपैकी जी गाडी आजवर तगून राहिली असेल, तिचे इंजिन बहुधा मूळचे नसते आणि वायरिंग तर नसतेच. ज्याच्या हाताला ज्या रंगाची तार लागली ती त्याने जोडली, वर काळी टेप गुंडाळली, आणि रंगावरून तारेचे कूळ ओळखण्याची सोय कायमची नाहीशी झाली.

अशा गाडीपुढे बसलेला जाणता वायरमन प्रथम कोणताही भाग बदलीत नाही. बॅटरीतून दिव्यापर्यंत करंट तारेने जातो खरा, पण परत येतो तो चेसिसच्या लोखंडातून. आणि बिघाडाचे मूळ जाण्याच्या वाटेइतकेच, किंबहुना अधिक वेळा, या परतीच्या वाटेत असते. विदर्भाच्या काळ्या मातीचा चिखल मागच्या दिव्यांच्या पाठीशी थापला जातो, पावसाळाभर ओल धरून ठेवतो, आणि होल्डर जेथे पत्र्याला टेकतो तेथे गंज चढतो. मग मोठा चमत्कारिक देखावा दिसतो: ब्रेक दाबावा तर पार्किंगचा दिवा मंदावतो, इंडिकेटर लावावा तर ब्रेकचा दिवाही त्याच्याबरोबर मिणमिणतो, कारण अर्थिंगची वाट बंद झालेला करंट त्याच बल्बच्या दुसऱ्या तंतूतून शिरून भलत्याच मार्गाने घरी परततो. बाराच्या बॅटरीवरील २१ वॅटचा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर करंट घेतो, आणि गंजलेल्या सांध्याने अवघ्या एका ओहमचा अडथळा आणला तरी दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. याची परीक्षा सोपी आहे. होल्डरच्या पत्र्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक लांब तार तात्पुरती लावावी. दिवा लख्ख झाला तर आरोपी सापडला.

न झाला तर चौकशी पुढे सरकते. ब्रेकच्या तेलाच्या नळीवर बसविलेल्या स्विचची दोन्ही टोके तारेच्या तुकड्याने जोडून पाहावी. पेडल न दाबता दिवे लागले तर दोष त्या स्विचचा. इंडिकेटर चालू असताना फ्लॅशरचा ठेका बिघडला असेल, तर फ्लॅशरला बोल लावण्यापूर्वी बल्ब तपासावेत. कारण जुन्या फ्लॅशरमधील धातूची पट्टी करंटच्या उष्णतेने वाकते व थंड होऊन सरळ होते, आणि एक बल्ब उडाला की तिला पुरेशी उष्णताच मिळत नाही.

अमेरिकी वळणाच्या जुन्या ट्रकांत मात्र अधिक सावध राहावे लागते, कारण त्यांपैकी पुष्कळांत ब्रेक आणि इंडिकेटर या दोहोंसाठी मागे एकच तंतू असतो, आणि ब्रेकची तार स्टिअरिंगखालच्या इंडिकेटर स्विचमधून फिरून मागे जाते. अशा गाडीत इंडिकेटर दोन्ही बाजूंचे नीट लागतात पण ब्रेकचा दिवा एकाच बाजूचा लागतो, असे झाले तर बल्ब, मागची तार आणि अर्थिंग हे तिन्ही साक्षीदार निर्दोष ठरतात. उरतो तो त्या स्विचमधील झिजलेला एक संपर्क. जे चालते आहे त्याची नीट जबानी घेतली, तर जे चालत नाही त्याचा पत्ता पुष्कळदा हत्यार उचलण्यापूर्वीच लागतो.

आठ वर्षांवरील मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ब्रेकचे दिवे व दिशादर्शक सक्तीचे केले आहेत; पण तपासणीपुरता पेटलेला दिवा ही दुरुस्तीची रुजवात नव्हे. पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वेळी चालू करावेत, इंजिन सुरू ठेवून चेसिसला हादरे बसू द्यावेत, आणि तरीही प्रत्येक दिव्याने केवळ आपल्याच हुकमाचे पालन केले, तरच गाडी चौकाकडे सोडावी.