पेजेच्या रंगाची भिंत

आमच्या घरात जेवायच्या खोलीला कुणी ‘डायनिंग’ म्हणत नाही. ती मधली खोली. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर आणि मधे ही बारा बाय दहाची, एकाच खिडकीवर जगणारी. खिडकीबाहेर आंबा. उमरोळीला घर बांधताना सासऱ्यांनी झाड वाचावं म्हणून भिंत दोन फूट आत घेतली, आणि पुढे पंचवीस वर्षं त्या झाडाने खोलीतला उजेड खाल्ला. त्यात २००९ साली आम्ही आणखी एक शहाणपणा केला. भिंतींना विटकरी ऑइल पेंट लावला. मुलं लहान होती, आमटीचे हात भिंतीला लागत, दर श्रावणात ओलीचे डाग वर येत. गडद रंगात सगळं खपून जाईल, असा हिशोब. खपलंही. फक्त भर दुपारी दिवा लावून जेवायची सवय लागली.

भिंतीवरच्या पट्ट्यांचं खूळ बाहेरून आलं. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि पालघर-बोईसर पट्ट्यात इमारती उभ्या राहायला लागल्या. पुतण्यासाठी घर बघायला म्हणून बोईसरला एका इमारतीचा नमुना-फ्लॅट बघितला. तिथे जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर उंचवट्याच्या पट्ट्यांच्या चौकटी केल्या होत्या. भिंतीचाच रंग पट्टीला, त्यामुळे दिसत होती ती फक्त सावली. घर पुतण्याने घेतलं नाही, भिंत मात्र मी मनात घेऊन आले.

गणपती-दिवाळीच्या आधी पेंटर मिळत नाही आणि मिळाला तरी त्या दिवसांत भिंत वाळत नाही. म्हणून जानेवारीच्या शेवटाला मुहूर्त काढला. पेंटरदादा आले, सोबत पुतळ्यासारखा गप्प एक मदतनीस मुलगा. मी शेड कार्ड पुढे केलं. त्यांनी ते न बघताच टेबलावर ठेवलं, खिशातून नाणं काढलं आणि भिंतीवर टक टक करत खालून वर गेले. कुठे आवाज भरीव, कुठे पोकळ. पोकळ लागला तिथे पेन्सिलीने फुली. दहा मिनिटांत भिंतीच्या खालच्या साडेतीन फुटांत फुल्यांचं शेत उभं राहिलं.

“ताई, रंगाचं नंतर बघू. भिंत आतून सुटलीय.”

लोणा लागला होता. जमिनीतली ओल विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते, येताना क्षार घेऊन येते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते गिलाव्याला आतून ढकलतात. चुन्याची सफेदी असती तर ओल निदान बाहेर पडली असती. ऑइल पेंट म्हणजे भिंतीला घातलेला रेनकोट. आतलं पाणी आतच. वर सिमेंटमधला अल्कली तेलाशी भिडतो आणि रंगाचा अक्षरशः साबण करतो, मग पापुद्रे सुटतात. आम्ही डाग झाकले म्हणून खूश होतो आणि आत भिंत चौदा-पंधरा वर्षं सडत होती.

पत्र्याने खरवडायला सुरुवात झाली. वरच्या भागात रंग चांगला धरून बसला होता, तिथे नुसतं खरबरीत करायचं, कारण गुळगुळीत ऑइल पेंटवर पुट्टी टिकत नाही, घसरते. दादा कोरड्या पेपरने घासणार, एवढ्यात मी त्यांना थांबवलं. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या आत हवं, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. आमचा डबा त्याच्या आधीचा. त्यात शिसं होतंच असं नाही, पण ती धूळ नाकातोंडात कशाला? दादांनी वाद घातला नाही. पाणी मारून घासलं. लाल चिखल ओघळला. मुलाने तोंडाला रुमाल बांधला होता, मी त्याला मास्क दिला, तो त्याने कपाळावर चढवून ठेवला.

खालचा गिलावा ठोकून काढला, विटा उघड्या पडल्या. मग चार दिवस काहीच नाही. खिडकी उघडी, पंखा चालू आणि टेबल हॉलमध्ये. सासूबाई रोज सकाळी उघड्या विटांना तळहात लावून बघत आणि ‘अजून गार आहे’ एवढंच सांगत. त्यानंतर ओल रोखणारं रसायन मिसळून नवा गिलावा, पुन्हा वाळवण. आठ दिवसांचं काम एकोणीस दिवसांवर गेलं. त्यात रंग लावायला लागले अडीच.

गिलावा वाळेपर्यंत शेडची भांडणं झाली. रंगाच्या कंपन्या प्रत्येक शेडला परावर्तनाचा एक आकडा देतात, शून्य ते शंभर. पडलेल्या उजेडापैकी भिंत किती परत फेकते, तो. आमच्यासारख्या विटकरीचा आकडा दहा-पंधराच्या घरात, शुभ्र पांढऱ्याचा ऐंशीच्या पुढे. म्हणजे नुसता रंग बदलून खोलीला दुसरी खिडकी मिळाल्यासारखं. मग पांढराच लावायचा ना? मीही तसंच म्हणत होते. दादांनी तीन नमुने वहीच्या पानाएवढे दोन भिंतींवर लावून ठेवले आणि म्हणाले, दोन दिवस जेवा इथे.

दुकानात राखाडी छटेचा जो पांढरा देखणा वाटला होता, तो सकाळी दहाला सरळ हिरवा दिसला. आंबा! पानांतून गाळून येणारा उजेड हिरवाच असतो, आणि हलका रंग मिळेल ते उचलतो. संध्याकाळी पांढऱ्या ट्यूबखाली तोच रंग दवाखान्यासारखा. उरला तो किंचित लालसर पिवळा. आंब्याचा हिरवा त्याने गिळला आणि पिवळ्या दिव्यात तो ऊबदार राहिला. कार्डावरचं त्याचं नाव मला आता आठवत नाही. सासूबाई म्हणाल्या, “हा पेजेचा रंग.” ठरलं.

तांदळाचा पांढरा या मुलुखात भिंतीला नवा नाही. वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात. काडीचं टोक चावून मऊ केलं की तोच कुंचला. चौकाला चारी बाजूंनी नक्षीची किनार आणि मधे पालघाट देवी. हे लिहून झाल्याशिवाय लग्न पुढे जात नाही. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात हीच रेघ भिंतीवरून कागदा-कापडावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं गाव गंजाड इथून फार लांब नाही. मला आपलं वाटत राहिलं, चौकट आम्हीही भिंतीवर काढतोय, पण मधे कुणीच नाही. सासूबाईंनी तर विचारलंच: “आत फोटो कुठला लावणार?” कुठलाच नाही म्हटल्यावर त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. “मग चौकट कशाला?”

त्याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. पण मधोमध जाणारी आडवी पट्टी मी त्यांना पटवू शकले. माझ्या माहेरी, केळव्याला, स्वयंपाकघराच्या भिंतीला खाली गेरूचा पट्टा असे आणि वर नीळ घातलेला चुना. पट्टा अडीच-तीन फुटांचा. पाटावर बसून भिंतीला टेकलं की तेल लावलेलं डोकं जिथे टेकतं, तिथपर्यंत. डाग पडला की तेवढाच पट्टा पुन्हा सारवायचा. टेबल-खुर्चीच्या घरात तेच काम आडवी पट्टी करते. खुर्ची मागे सरकली की तिची पाठ भिंतीऐवजी पट्टीवर आपटावी. म्हणून दादांनी पुस्तकातली उंची घेतली नाही. आमची खुर्ची भिंतीला टेकवली, पाठीच्या टोकाला पेन्सिल लावली. सदतीस इंच.

पट्टी कशाची घ्यायची, यात मात्र हवेने निवड सोपी केली. समुद्र पश्चिमेला काही किलोमीटरवर. चार महिने हवा इतकी ओली की मीठ सुद्धा पाणी धरतं. एमडीएफ फुगतो, साध्या लाकडाला वाळवी, प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी ओल पिते आणि खुर्चीच्या धक्क्याने तुटते. आम्ही दाट पॉलिस्टायरीनची आणली, आठ फुटी, वजनाला काकडीएवढी. थर्माकोलचीच ही थोरली बहीण, पाणी पीत नाही. पण तिचा एक दोष आहे आणि तो आम्हाला अनुभवानेच कळला. दुकानदाराने सोबत दिलेला चिकटा दादांनी आधी एका तुकड्यावर लावला. दोन मिनिटांत पट्टीची नक्षी आईस्क्रीमसारखी बसली. चिकट्यात सॉल्व्हंट होता, आणि सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन विरघळवतो. डबा परत गेला, पाण्यात बनवलेला आला. भिंतीवर लावून हे कळलं असतं, तर हा लेख वेगळ्या सुरात लिहिला असता.

आता खरी मजा. लांब भिंत बारा फूट, म्हणजे १४४ इंच. तीन चौकटी, आणि कडेला व मधे मिळून चार इंचांच्या चार मोकळ्या जागा. १६ गेले, १२८ उरले, भागिले तीन. दादांनी भिंतीवरच पेन्सिलीने भागाकार मांडला. बेचाळीस इंच पाच सूत. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मुलं शाळेत सेंटिमीटर शिकतात, पण सुतार आणि पेंटर अजून सुतातच बोलतात.) तिन्ही चौकटी मिळून एक सूत शिल्लक राहत होतं. “ते कोपरा खाईल,” दादा म्हणाले. खाल्लंही.

आडवी रेघ मारायला पारदर्शक नळीत पाणी भरलं. एक टोक दादांकडे, एक मुलाकडे. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत आलं तिथे खुणा, मग रंगाची दोरी ताणून फटका. निळी रेघ उमटली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की जमीन मोरीच्या दिशेने अर्धा इंच उतरलीय. पाण्याप्रमाणे पट्टी लावली तर खालच्या टाइल्सच्या पट्ट्याशी ती तिरकी दिसणार, टाइल्सला समांतर लावली तर दाराच्या चौकटीशी भांडणार. पंचवीस वर्षं त्या खोलीत जेवतेय, हा उतार कधी डोळ्यांना दिसला नव्हता. विटकरी सपाट भिंतीत सगळं मिसळून गेलं होतं. एक सरळ रेघ आली आणि घराची चहाडी करून गेली. दादा खुर्चीवर जाऊन बसले, जेवायला बसतात तसे, आणि बघत राहिले. शेवटी पाव इंच पाण्याला दिला, पाव इंच जमिनीला. “कुणी मोजायला येणार नाही,” म्हणाले. मी मोजते, अधूनमधून.

चौकटीचे कोपरे सोपे निघाले. सपाट भिंतीवर पंचेचाळीसचे दोन कट जुळतातच. फक्त कोनाकोनी दोरी धरून दोन्ही कर्ण सारखे आहेत ना, ते बघायचं, नाहीतर चौकट पतंगासारखी झुकते. दमवलं ते खोलीच्या कोपऱ्याने. तिथे दोन भिंती काटकोनात नव्हत्याच. पंचेचाळीसने सांधा मिटेना. केसभर जास्त कापा, केसभर कमी कापा असं करत चार तुकडे वाया गेले, पाचवा बसला. आणि मधल्या चौकटीची उभी पट्टी नेमकी स्विचबोर्डातून जात होती. चौकट सरकवायची की बोर्ड? इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्ड पाच इंच डावीकडे नेला. जुना बोर्ड उघडला तर मागे गिलाव्यावर पेन्सिलीत कुणीतरी मांडलेली बेरीज निघाली. सिमेंटच्या गोण्यांची असावी. सासूबाईंनी चष्मा आणवला. अक्षर सासऱ्यांचं नव्हतं. गवंड्याचं असेल, म्हणाल्या, आणि तरी तिथे उभ्या राहिल्या. तो तुकडा नव्या पुट्टीखाली गेला.

पुट्टीचे दोन हात झाल्यावर संध्याकाळी दिवे बंद केले. मुलाने वायरला लटकवलेला बल्ब भिंतीला जवळजवळ चिकटवून धरला. तिरक्या उजेडात सपाट वाटणारी भिंत चंद्रासारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसली. दादा पेन्सिलीने गोल करत गेले. हलका रंग लावायचा तर ही रात्र चुकवता येत नाही, गडद रंगात एक वेळ चालून जातं. दुसऱ्या दिवशी घासकाम, १८० नंबरचा पेपर, मग २२०. सगळ्या घरावर पिठी बसली. डब्यातल्या चहापत्तीवर सुद्धा.

रंगाबद्दल सांगण्यासारखं थोडंच. प्रायमर, त्यावर इमल्शनचे दोन हात. एका लिटरमध्ये दोन हात धरून सव्वाशे ते दीडशे चौरस फूट होतात, आमचं क्षेत्र दारं-खिडकी वजा जाता पावणेचारशेच्या आसपास, म्हणून एकूण चार लिटर. पट्टीच्या खाली धुता येणारा सॅटिन, वर मॅट, शेड एकच. पट्ट्या आणि भिंत यांच्या फटीत ॲक्रिलिक भरून ओल्या बोटाने ओढलं. तो शेवटचा हात मुलाने केला, आणि एकोणीस दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलला: “ताई, आता बघा.”

दुपारचा एक वाजला होता. दिवा बंद होता. ताटातल्या डाळीचा पिवळा आणि लोणच्यातल्या फोडीची कड वेगवेगळी दिसत होती. चौकटींची खालची कड काळसर, वरची उजळ, आणि खिडकीतला उजेड सरकेल तशा त्या सावल्या दिवसभर जाड-बारीक होतात. सासूबाईंनी रिकाम्या चौकटींबद्दल पुन्हा विचारलं नाही. पट्टीवर बोट फिरवून बोटावरची धूळ मात्र मला दाखवली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, चार दिवस झड लागल्यावर, त्याच कोपऱ्यातला सांधा उघडला. केसाएवढी काळी रेघ. मी दादांना फोन केला. पलीकडे पाऊस ऐकू येत होता.

“किती उघडलाय? नख जातं?”

“नाही.”

“मग हात लावू नका. आता भरलात तर दिवाळीत बाहेर येईल. भिंत फुगलीय, वाळली की बघू.”

“स्वतःहून मिटेल?”

“मिटला तर मिटला. नाही तर मी आहेच, ताई. डब्यात तळाला रंग ठेवलाय, झाकण घट्ट लावा तेवढं.”