बर्गर येईपर्यंतच्या गप्पा

ऑर्डर देऊन झाली, टोकन हातात आलं आणि समोर बसलीय जुनी मैत्रीण. बर्गर यायला अजून थोडा वेळ आहे ना? मग मोबाइल पर्समध्ये टाका आणि यातला एकेक किस्सा काढा. या परदेशी पाहुण्याची आपल्या महाराष्ट्राशी किती घट्ट सोयरीक जुळलीय, हे ऐकून मैत्रीण नक्की म्हणेल, "काय सांगतेस!"

पहिला बर्गर कोणाचा?
अमेरिकेत या मानासाठी अनेक गावं भांडतात. न्यू हेवन शहरातलं 'लुईज लंच' सांगतं की, आम्ही 1900 मध्येच बर्गर विकला. तिथे आजही बर्गर भाजलेल्या ब्रेडच्या दोन कापांमध्ये मिळतो आणि केचप मागितलं तरी मिळत नाही!

भोकं पाडा, लवकर शिजवा
'व्हाइट कॅसल' ही बर्गरची पहिली मोठी साखळी 1921 मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा गावात सुरू झाली. किंमत फक्त 5 सेंट. पुढे त्यांनी चौकोनी पॅटीला पाच भोकं पाडली. पॅटीखाली पसरलेल्या कांद्याची वाफ त्यातून वर येते आणि पॅटी न उलटताच शिजते.

महाराजांचं आगमन
मॅकडोनाल्ड्सने भारतातलं पहिलं दुकान ऑक्टोबर 1996 मध्ये दिल्लीच्या वसंत विहारात उघडलं. मुंबईत वांद्र्यालाही त्याच वर्षी. दिल्लीचं दुकान म्हणजे बीफ अजिबात न ठेवणारं जगातलं पहिलं मॅकडोनाल्ड्स. त्यांच्या जगप्रसिद्ध बिग मॅकच्या जागी इथे महाराजा मॅक आला. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकघरातच वेगळी व्यवस्था करावी लागली, मेयोनीजमधून अंडंही गेलं. आणि आलू टिक्कीने तर खास आपल्या जिभेची नस पकडली.

तळेगाव, तळोजा, बारामती!
हा किस्सा रंगवून सांगा. दुकान उघडण्याआधी कित्येक वर्षं मॅकडोनाल्ड्स माल कुठून आणायचा याची तयारी करत होतं. बर्गरमध्ये घालतात ते कुरकुरीत आइसबर्ग लेट्यूस तेव्हा इथे फारसं कोणी पिकवत नव्हतं. ते काम तळेगावच्या 'त्रिकाया'ने अंगावर घेतलं. पॅटी तळोज्याच्या 'व्हिस्टा'कडून, चीज बारामतीच्या 'डायनॅमिक्स डेअरी'कडून. शेतातून निघालेलं पान दुकानात पोहोचेपर्यंत गारच राहिलं पाहिजे, म्हणून शीतगृहं आणि थंड ट्रक यांची साखळी उभी राहिली. पाटी अमेरिकन, पण आतला ऐवज आपल्या मातीतला.

कॅम्पातली कायदेशीर कुस्ती
पुण्याच्या कॅम्पातलं 'बर्गर किंग' हे इराणी दांपत्याचं. कॉलेजच्या किती पिढ्या तिथे गर्दी करत आल्या! ते सुरू झालं 1992 च्या सुमाराला. अमेरिकन बर्गर किंगचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं 2014 मध्ये. नावावरून खटला झाला आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अमेरिकन कंपनीचा दावा फेटाळला. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुणेकर सहजासहजी माघार घेत नाहीत!

तीन बोटांचा घास
तोंड नीट उघडतं का, हे बघायला डॉक्टर एक सोपी चाचणी करतात: तुमचीच तीन बोटं, एकावर एक, दातांमध्ये मावली पाहिजेत. आता समोरच्या डबल पॅटीच्या बर्गरला बोटं लावून बघा. मावत नसेल तर तळव्याने हलकेच दाबा, बर्गर उलटा करा आणि मगच चावा. बनचा वरचा जाड अर्धा भाग खाली आला की रस झेलायला भक्कम आधार मिळतो.

खमंगपणाचं गुपित
पॅटीच्या कडा आणि बनची आतली बाजू तपकिरी झाली की जो वास सुटतो, तो प्रथिनं आणि साखर यांच्या मेलार्ड प्रक्रियेचा. फ्रेंच शास्त्रज्ञ मेलार्ड यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. ओल्या पृष्ठभागाचं तापमान 100 अंशांपाशीच अडतं, म्हणून तवा कडकडीत तापलेला हवा. भाजलेला बन सॉसने लगेच भिजत नाही, हा वरचा फायदा.

चीज वितळतं, पण तूप सुटत नाही
साधं चीज तापवलं की तूप वेगळं होतं. स्लाइसमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात. ते प्रथिनं आणि स्निग्धांश एकजीव ठेवतात, म्हणून स्लाइस पॅटीवर मऊ पसरते.

फ्राइजचं दोनदा स्नान
चांगल्या फ्राइज दोनदा तळतात. पहिल्यांदा मध्यम तापलेल्या तेलात, आतला बटाटा शिजावा म्हणून. दुसऱ्यांदा कडकडीत तेलात, बाहेर कुरकुरीतपणा यावा म्हणून. त्या कुरकुरीत आहेत तोवर आधी फ्राइजच संपवा, बर्गर थोडा थांबेल!

57 वर टिचकी
काचेच्या बाटलीतलं केचप हटून बसलं तर बूड बडवू नका. केचप धक्का बसला की पातळ होतं. बाटली तिरकी धरा आणि हाइन्झच्या बाटलीवर मानेपाशी कोरलेल्या 57 या आकड्यावर टिचकी मारा. '57 प्रकार' या घोषवाक्यासाठी हा आकडा कंपनीचे संस्थापक हाइन्झ यांनी 1896 मध्ये केवळ आवडला म्हणून निवडला. तेव्हाच त्यांची उत्पादनं 60 च्या वर होती.

बिलातलं अर्थशास्त्र
'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक 1986 पासून देशोदेशीच्या बिग मॅकची किंमत ताडून तिथलं चलन महाग की स्वस्त, हे सांगतं. भारतासाठी त्यांनी धरला तो आपला महाराजा मॅक. तेव्हा बिल आलं की मैत्रिणीला हा निर्देशांक समजावून सांगा आणि पैसे तुम्हीच द्या. गप्पांच्या मानाने बर्गर नेहमीच स्वस्त पडतो.