सॉफ्टवेअर कसं उघडलं, यावर रंग ठरतो

जुहू-अंधेरीच्या स्टुडिओंत कम्पोझिटिंग करणाऱ्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. शॉट एकच, न्यूकची फाइल एकच. पण एका मशीनवर चेहरा नीट दिसतो आणि दुसऱ्यावर पांढुरका. मग दोष मॉनिटरला, नाहीतर शिकाऊ आर्टिस्टला. प्रत्यक्षात तो सॉफ्टवेअर उघडणाऱ्या लाँच स्क्रिप्टमध्येही असू शकतो.

हे होतं कसं, ते बघू. न्यूक, ब्लेंडर यांसारखी सॉफ्टवेअर रंगांसाठी ओपनकलरआयओ ही लायब्ररी वापरतात. ती सोनी पिक्चर्स इमेजवर्क्समध्ये तयार झाली. कुठला रंग कसा वाचायचा आणि पडद्यावर कसा दाखवायचा, हे एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल कुठे आहे, हे ‘ओसीआयओ’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगता येतं. गोम इथेच आहे. हे व्हेरिएबल भरलेलं असेल, तर न्यूक प्रोजेक्ट सेटिंगमधली निवड बाजूला ठेवून त्याचंच ऐकतं.

व्हेरिएबल भरते ती लाँच स्क्रिप्ट. टर्मिनलमधून स्क्रिप्ट चालवली तर ते न्यूकला मिळतं. मॅकवर डॉकमधल्या आयकनवर क्लिक केलं, तर शेलच्या फाइलमध्ये लिहिलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. उलटही होतं बरं का! काल दुसऱ्या चित्रपटासाठी उघडलेलं टर्मिनल तसंच चालू राहिलं आणि त्यातूनच आज न्यूक उघडलं, तर कालचं कॉन्फिग वारशाने येतं.

फरक किती पडतो? १८ टक्के ग्रे घ्या. लिनियरमध्ये तो ०.१८, एसआरजीबीमध्ये साधारण ०.४६. एसआरजीबी फाइल रूपांतर न करता लिनियर म्हणून वाचली, तर तोच ग्रे अडीचपट उजळ होतो.

खरं नुकसान पुढे आहे. आर्टिस्ट पडद्यावर दिसतं त्यावर विसंबून ग्रेड नोडने शॉट ‘दुरुस्त’ करतो. रेंडर फार्मवर कॉन्फिग बरोबर असतं. तिथे ही दुरुस्तीच चूक ठरते आणि पिक्सेलमध्ये मुरते.

म्हणून ग्रेडला हात लावण्याआधी दोन्ही मशीनवर, न्यूकच्याच स्क्रिप्ट एडिटरमध्ये, पायथनने ते व्हेरिएबल छापून बघा. आर्टिस्ट आणि फार्म, दोघांसाठी एकच लाँच स्क्रिप्ट ठेवा. तिच्यात कॉन्फिगचा पूर्ण पाथ लिहा, आणि फाइल सापडली नाही तर सॉफ्टवेअर उघडूच देऊ नका. दोन मिनिटांच्या या तपासणीने एखाद्या शिकाऊ मुलीची रात्र वाचते, आणि नसलेल्या चुकीचं खापरही तिच्यावर फुटत नाही.