वेस्टर्न चित्रपट: अमेरिकेची पडद्यावरची बखर

जानेवारी १९२९ मध्ये लॉस एंजेलिसला वायट अर्प वारला. अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावी १८८१ साली झालेल्या ज्या चकमकीवर पुढे एकामागून एक चित्रपट निघाले, तिच्यात तो स्वतः होता. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत विल्यम एस. हार्ट आणि टॉम मिक्स होते. पडद्यावर काउबॉय रंगवणारे हे त्या काळचे दोन नामवंत नट. खरा माणूस आणि त्याची दंतकथा अशी एकाच शहरात नांदत होती. वेस्टर्न चित्रपटांविषयीचे बहुतेक गैरसमज या सरमिसळीतून निघतात. कोणी त्यांना इतिहास समजून बसतो आणि पुढे तो खोटा निघाला म्हणून रागावतो. कोणी त्यांना निव्वळ ठोठो समजतो आणि वाटेलाच जात नाही. मराठी वाचकाला यातून मार्ग काढणे खरे तर सोपे जावे, कारण बखर आणि अस्सल कागद यांतला फरक आपल्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी कळकळीने शिकवला आहे. वेस्टर्न ही अमेरिकेची बखर आहे. तिच्यातले उत्तम चित्रपट ही बखर कोणी लिहिली आणि कोणासाठी, हा प्रश्नही विचारतात. तो प्रश्न ऐकू येऊ लागला की या चित्रपटांची खरी गोडी कळते.

गैरसमज पहिला: जुना पश्चिम पडद्यावर दिसतो तसाच होता

टेक्सासमधून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत गुरांचे कळप हाकत नेण्याचा काळ १८६७ मध्ये अ‍ॅबिलीनला गुरांचा बाजार सुरू झाल्यावर भरात आला आणि वीसेक वर्षांत ओसरला. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचे पेटंट मिळाले. मोकळी कुरणे कुंपणात गेली, लोहमार्ग टेक्सासपर्यंत पोहोचला आणि शेकडो मैल गुरे चालवण्याची गरजच उरली नाही. काउबॉय हा पगारी गुराखी होता. त्यांतला अंदाजे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय असावा, असे इतिहासकार मानतात. दोर टाकण्याची आणि घोड्यावरून गुरे वळवण्याची विद्या मेक्सिकन गुराख्यांची; ‘रँच’ आणि ‘रोडिओ’ हे शब्दही स्पॅनिशमधून आलेले. पडद्यावर मात्र हा माणूस बहुधा गोरा आणि एकटा दिसतो. बंदुकीचेही तसेच. कित्येक गावांत शस्त्र घेऊन हिंडायला बंदी होती. टूमस्टोनची चकमक शस्त्रबंदीचा हाच नियम अमलात आणताना पेटली; ती सुमारे ३० सेकंदांत आटोपली आणि तिघे ठार झाले. रॉबर्ट डाइकस्ट्रा या इतिहासकाराने कॅन्ससमधल्या गुरांच्या बाजाराच्या पाच गावांचा हिशेब मांडला, तेव्हा १८७० ते १८८५ या काळात तिथे एकूण ४५ मनुष्यवध भरले. यावर आक्षेप घेतला जातो की गावे लहान होती, त्यामुळे लोकसंख्येच्या मानाने ४५ हा आकडा थोडा नव्हे. आक्षेप रास्त आहे. तो काळ शांततेचा होता, असे म्हणण्याचे कारण नाही. पण भर दुपारी, गावासमक्ष, समोरासमोर पिस्तूल उपसण्याची द्वंद्वे विरळाच होती. जे क्वचित घडे ते पडद्यावर नित्याचे झाले, ते का, हे मात्र शोधण्याजोगे आहे.

गैरसमज दुसरा: सज्जन, दुर्जन आणि गोळीबार, एवढीच कथा

द्वंद्व पडद्यावर इतके रुजले, कारण त्यात एक मोठा प्रश्न दोन माणसांत मावतो: कायदा अजून पोहोचलेला नाही, अशा ठिकाणी न्याय कोणी करायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची? विल्यम वेलमनच्या ‘द ऑक्स-बो इन्सिडंट’मध्ये (१९४३) गावकऱ्यांची टोळी निव्वळ संशयावरून तिघांना फाशी देते आणि मग ते निर्दोष असल्याचे कळते. हेन्री किंगच्या ‘द गनफायटर’मध्ये (१९५०) वेगवान नेमबाज ही ख्यातीच नायकाच्या जिवावर उठते, कारण प्रत्येक गावात त्याला मारून नाव कमावायला आतुर असा एखादा पोरगा भेटतो. फ्रेड झिनेमनचा ‘हाय नून’ (१९५२) ८५ मिनिटांचा. त्यातला बराच वेळ गॅरी कूपरचा मार्शल दारोदार मदत मागत फिरतो आणि प्रत्येक जण त्याला सभ्य कारण देऊन वाटेला लावतो. अखेरीस तो पदाचा बिल्ला धुळीत फेकून निघून जातो. पटकथाकार कार्ल फोरमन याला १९५१ मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे उभे राहावे लागले. त्याने सहकाऱ्यांची नावे दिली नाहीत, आणि हॉलीवूडची दारे बंद झाल्यावर तो इंग्लंडला गेला. भेकड गावाची ती गोष्ट कोठून आली, हे यावरून उमगते.

हा अर्थ आपण मागाहून चिकटवतो, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर त्याच काळातल्या दिग्दर्शकांनी देऊन ठेवले आहे. हॉवर्ड हॉक्सला ‘हाय नून’ पटला नाही. आपल्या कामासाठी सामान्य माणसांपुढे हात पसरणारा मार्शल त्याला मान्य नव्हता. म्हणून त्याने १९५९ मध्ये ‘रिओ ब्राव्हो’ काढला. त्यातला शेरीफ गावकऱ्यांना मुद्दाम धोक्यापासून दूर ठेवतो आणि एक लंगडा म्हातारा, एक दारुडा अशांना घेऊन लढतो. चित्रपटाला चित्रपटानेच दिलेले हे उत्तर आहे. ठरावीक साचा हा या प्रकाराचा दोष मानला जातो, पण साचा समान असल्यामुळेच हा वाद इतका स्पष्ट दिसतो: तेच गाव, तोच तुरुंग, तेच संकट, आणि निष्कर्ष नेमके उलटे. १९३० च्या दशकात स्वस्तातले शेकडो वेस्टर्न निघाले आणि त्यांत काही विशेष नव्हते, हे कबूल. पण कोणत्याही कलाप्रकाराची उंची त्याच्या उत्तम कृतींवरूनच मोजावी लागते.

गैरसमज तिसरा: मूळनिवासींबाबतचा अन्याय या चित्रपटांना फार उशिरा कळला

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि बऱ्याच अंशी खरा आहे. जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’मध्ये (१९३९) अपाची म्हणजे गाडीवर चालून येणारे संकट, त्याहून अधिक काही नाही. पण त्याच फोर्डने १९४८ मध्ये ‘फोर्ट अपाची’ केला. त्यात अपाचींचा नेता कोचीस शब्दाचा पक्का आहे, त्याच्या लोकांना लुबाडणारा माणूस सरकारी एजंट आहे, आणि हेन्री फोंडाचा घमेंडखोर कर्नल आपल्या सैनिकांना मरणाच्या दाढेत नेतो. पुढे वर्तमानपत्रे त्याच कर्नलला वीर ठरवतात. १९५६ च्या ‘द सर्चर्स’मध्ये जॉन वेन आपल्या पुतणीला कोमांचींकडून सोडवायला कित्येक वर्षे भटकतो, पण कोमांचींविषयीच्या द्वेषाने तो इतका पेटलेला आहे, की ती सापडली तर हा तिला घरी आणील की ठार मारील, याचीच प्रेक्षकाला धास्ती वाटते. या कथेमागे सिंथिया अ‍ॅन पार्करची हकिकत उभी आहे. १८३६ मध्ये टेक्सासमध्ये कोमांचींनी तिला लहानपणी पळवले, १८६० मध्ये तिची ‘सुटका’ झाली, आणि तिची ओढ अखेरपर्यंत कोमांचींकडेच राहिली. स्वतःच्या न्याय्यपणाविषयीची शंका या चित्रपटांना अशी भर बहरातच होती. तरीही तिची मर्यादा सांगितलीच पाहिजे. डेल्मर डेव्ह्सच्या ‘ब्रोकन अ‍ॅरो’ने (१९५०) अपाचींची बाजू सहानुभूतीने मांडली, पण त्यातला कोचीस रंगवला ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या जेफ चँडलरने. हे आत्मपरीक्षण गोऱ्या समाजाचे होते. मूळनिवासींचा स्वतःचा आवाज त्यात नव्हता. चित्रपटाचा आनंद घेताना ही उणीव नजरेआड करू नये.

गैरसमज चौथा: हा अमेरिकेचा घरगुती मामला, आपल्याला काय त्याचे?

अकिरा कुरोसावा फोर्डचा चाहता होता. त्याच्या ‘सेव्हन सामुराई’वरून (१९५४) हॉलीवूडने ‘द मॅग्निफिसेंट सेव्हन’ (१९६०) केला. त्याच्या ‘योजिम्बो’वरून सर्जिओ लिओने या इटालियनाने १९६४ मध्ये स्पेनच्या माळावर ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ चित्रित केला आणि परवानगी न घेतल्याबद्दल निर्मात्यांना भरपाई द्यावी लागली. या साऱ्यांचे संस्कार घेऊन १९७५ मध्ये ‘शोले’ आला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. ज्याला त्यातले रामगढ गाव परके वाटले नाही, त्याला वेस्टर्नची भाषा अर्धीअधिक येतेच.

उरलेली अर्धी यायला चार चित्रपट पुरेसे आहेत. ‘हाय नून’ आणि ‘रिओ ब्राव्हो’ लागोपाठ पाहा, मग ‘द सर्चर्स’, आणि शेवटी फोर्डचाच ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (१९६२). गुंडाला मारणारा म्हणून कीर्ती मिळवलेला वृद्ध सिनेटर त्यात पत्रकारांना सांगतो, की ती गोळी माझी नव्हती. दंतकथा इतकी रुजलेली, की संपादक सारी टिपणे आगीत टाकतो. वर्तमानपत्राच्या वाचकांना खरे काय ते कधीच कळत नाही. फोर्डने ते प्रेक्षकाला दाखवलेले असते.