चालायचे, पण कुठे?

वजन वाढलेल्या मुलांच्या पालकांना 'रोज तासभर खेळू द्या, चालू द्या, सायकल चालवू द्या' असा सल्ला मी वर्षानुवर्षे देत आले आहे. काही महिन्यांपूर्वी एका नऊ वर्षांच्या मुलाच्या आईने शांतपणे विचारले, "मॅडम, चालायचे, पण कुठे?" शाळा घरापासून जेमतेम एक किलोमीटर, तरीही मुलगा व्हॅनने जातो. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ते २९ वर्षे या वयोगटात मृत्यूचे प्रमुख कारण रस्त्यावरील अपघात आहे, हेही तीच सांगते. त्या आईची भीती अनाठायी नव्हती. लहान मूल उभ्या मोटारीआड दिसत नाही. येणाऱ्या वाहनाचा वेग व अंतर जोखण्याची क्षमताही त्याच्यात पुरती आलेली नसते. 'नीट बघून जा' एवढा उपदेश त्याला पुरत नाही. वाटच सुरक्षित हवी.

अशी वाट कशी असावी, हे इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून सहज जातील. उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. उंच पदपथावर गुडघेदुखीच्या आजी चढत नाहीत, बाबागाडीही चढत नाही. मग सारेच रस्त्यावर उतरतात. सायकलींसाठी वेगवान रस्त्यांवर वेगळी मार्गिका हवी, तर गल्ल्यांत वाहनांच्या वेगाला आवर. मुलाला सोयीची झालेली वाट सर्वांनाच सोयीची होते.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याच बडोद्यात आज मुलाला शाळेपर्यंत पायी धाडण्याचा धीर होत नाही. महाराजांनीच उभारलेल्या कमाटी बागेत आपण 'चालायला' जातो, तेही स्कूटरवरून!

त्या दिवशी दवाखान्याबाहेर आले आणि ओशाळले. पदपथावर माझाच जनरेटर, माझाच फलक आणि माझ्याच रुग्णांच्या दुचाक्या होत्या. जनरेटर आवारात घेतला, फलक भिंतीवर लावला. दुचाक्यांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. रोज कुणाला ना कुणाला विनवावे लागते. तरी पंधरा-वीस फूट वाट मोकळी झाली आहे.

पादचाऱ्यांचा पदपथावरील हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. महानगरपालिकेकडे तो मागायला आपल्या मंडळाने अवश्य जावे. मात्र त्याआधी प्रत्येक सभासदाने आपल्या दवाखान्यापुढची वाट मोकळी करावी. तेवढे झाले, तर त्या आईला उत्तर देण्याची सुरुवात तरी होईल.